डोमाजी उठतो

माझे बाबा रोज दोनदा मरता मरता वाचायचे आणि त्याचा त्यांना पगार मिळायचा. लग्नकार्यात कुणी आईला विचारलं, "देवराव कुठं असतात?" तर ती सांगायची, "मोठ्या दवाखान्यात." विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. त्या पडलेल्या चेहऱ्याची पुरेशी मजा घेऊन झाली की ती म्हणायची, "नोकरीले जी, नोकरीले."

त्याआधी बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत होते. धान घरात आलं की आमच्याकडं गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. त्यांत देवराव शेंडे म्हणजे तिसऱ्या अंकात मरणारा माणूस. मरायचे मात्र असे की लोक शिट्ट्या मारून वन्समोअर द्यायचे, आणि बाबा उठून धोतर झटकून पुन्हा मरायचे. लहानपणी मी बापाला इतक्यांदा मरताना पाहिलं, की त्याचं मला काही वाटेनासंच झालं. बाप आहे, मरतो, उठतो, मग आम्ही चहा पितो.

वणगावला वैद्यकीय महाविद्यालय निघालं तेव्हा डॉ. सुमेधा उरकुडे तिथं आल्या. कष्ट करणारं शरीर तापतं कसं आणि निवतं कसं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. आमचा कोळसापट्टा, उन्हाळ्यात पारा अठ्ठेचाळीसला टेकायचा. इथं डॉक्टर व्हायचं तर उष्माघात ओळखता यायलाच हवा. पण शिकवण्यासाठी म्हणून कुणा जिवंत माणसाला उष्माघात कसा देणार? म्हणून लाकडी पेट्यांतून डोमाजी आला.

डोमाजी म्हणजे माणसाच्या उंचीचा रबरी पुतळा. त्याच्या कातडीखाली गरम पाण्याच्या नळ्या होत्या, अंगभर बारीक छिद्रं होती, त्यांतून खारा घाम यायचा. छाती हलायची, मनगटाला नाडी लागायची, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या व्हायच्या. नाव पहिल्या वर्षाच्या पोरांनी ठेवलं. खोलीच्या एका भिंतीला काळी काच होती. तिच्यामागं बसून नाडी, श्वास आणि ताप यांच्या मुठी फिरवायला आणि डोमाजीच्या तोंडून बोलायला बाईंना माणूस हवा होता. डॉक्टर मंडळी बसली की पुतळा पुस्तकातल्यासारखं बोलायचा. बाईंनी एकदा मंडईच्या जत्रेतलं नाटक पाहिलं आणि बाबांना बोलावून घेतलं.

शाळा सुटल्यावर मी कधीकधी काचेमागं बाबांशेजारी बसायची. पलीकडं पांढऱ्या कोटातली पोरं धडपडत असायची आणि बाबा माइकमध्ये कण्हायचे, "मॅडम, मले गरगरून रायलं जी... माही बैलजोडी कोठी गेली?" बैलजोडी ऐकून पोरं हसायची. बाई ओरडायच्या, "हसता काय? मेंदू तापला की माणूस असाच बरळतो! काय करायचं आधी?"

"आधी थंड करा, मग हलवा," पोरं एका सुरात म्हणायची. ते वाक्य मला पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

पहिल्याच वर्षी एका तुकडीनं डोमाजीला मारलं. बर्फ आणायला उशीर झाला, बाबांनी ताप चढत ठेवला, पडद्यावरची रेघ सपाट झाली. त्यातल्या एका मुलीनं दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडलं. तिचे आईवडील भांडायला आले. बाईंना ते फार लागलं. मेलेल्या पुतळ्यापुढं पोरं शिकत नाहीत, नुसती खचतात, असं त्यांचं मत झालं आणि त्यांनी नियम केला, "माझ्या खोलीत कुणी मरणार नाही." पोरांनी चूक करू दे, उशीर करू दे, तास संपत आला की डोमाजी सावरायचा. मग खुर्च्या गोल मांडून काय चुकलं त्यावर बोलायचं.

हे सावरणं बाबांनी रंगवलं. रंगभूमीमुळं त्यांना ठाऊक होतं की मेलेला माणूस एकदम उठला तर लोक हसतात. आधी बोट हलतं, मग पापणी, मग आवाज. तसंच त्यांनी मुठींचं बसवलं. आधी श्वास खाली आणायचा, थांबायचं. मग नाडी, पुन्हा थांबायचं. मग ताप. तीन पायऱ्या. शेवटी, "पानी द्या ना वो मॅडम," आणि पोरं टाळ्या वाजवायची. ते इतकं खरं वाटायचं की बाईंनी त्याची चित्रफीत करून इतर कॉलेजांना पाठवली. मग देशभरातले डोमाजी चालवणारे लोक शिकायला बाबांकडं यायला लागले. बाबांची छाती फुगली. "हर्षू," ते मला म्हणाले, "नाटकात होतो तवा मरून नाव कमावलं. आता वाचून कमावतो."

मी हसले.

मग 'सावली' आली.

सावली म्हणजे दंडावर चिकटवायची पट्टी, लहान मुलाच्या तळहाताएवढी. ती समजायची असेल तर आधी शरीराचा हिशेब समजायला हवा. बाई तो फार सोपा करून सांगायच्या. माणूस धावतो तेव्हा खाल्लेल्यातला जेमतेम पाचवा हिस्सा धावण्याला लागतो, उरलेल्याची नुसती उष्णता होते. म्हणजे धावणारा माणूस ही चालती चूल. ही उष्णता बाहेर टाकायची जबाबदारी मेंदूच्या तळाशी असलेल्या एका इवल्या भागाची. तो रक्ताला कातडीकडं पाठवतो, घाम सोडतो, घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. पण पायांचे स्नायूही त्याच वेळी रक्त मागत असतात. रक्त एकच, ओढणारे दोघं. हवा अंगापेक्षा तापलेली असली, त्यात दमट असली, की घाम नुसता निथळतो, वाळत नाही. ताप चाळिसाच्या वर गेला की आतडी, यकृत, मेंदू शिजायला लागतात. आणि धावणाऱ्याला ते कळत नाही, कारण ज्यानं कळायचं तो मेंदूच तापलेला असतो.

सावली घामातलं मीठ, नाडी, श्वास आणि कातडीचा ताप मोजून आतला ताप ओळखायची. इथवर ठीक. पण तिचा रंग आत्ताच्या तापावर ठरत नसे, पुढच्या अर्ध्या तासात तुमचं काय होणार या अंदाजावर ठरे. सावरणार असाल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, कोसळणार असाल तर लाल. कंपनीची जाहिरातच होती, 'सावली पुढचं पाहते.'

पुढचं पाहायला यंत्राला मागचं दाखवावं लागतं. एकोणचाळीसपर्यंत तापलेल्या खऱ्या माणसांच्या नोंदी कंपनीकडं ढिगानं होत्या, कारण तेवढं तापवून पाहायला परवानगी मिळते. त्यापुढं कुणाला तापवणं हा गुन्हा. मग एकेचाळीसला, बेचाळीसला माणसाचं काय होतं, हे यंत्र कुठून शिकणार? देशभरातल्या डोमाजींच्या हजारो तासांच्या नोंदी कॉलेजांकडं पडून होत्या. नाडी, श्वास, ताप, सगळं सेकंदासेकंदाला. कंपनीनं त्या घेतल्या. तेव्हा यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. बाईंना तर आनंदच झाला.

दोन उन्हाळ्यांत सावली सगळीकडं झाली. आधी दुपारी रस्त्याची कामं बंद असायची, ती सुरू झाली. "पट्टी आहे ना?" मुकादम विचारायचा. वीटभट्ट्या, खाणी, शाळांच्या स्पर्धा, सगळ्यांना दुपारही कामाला मोकळी झाली. झाडाखाली टेकलेल्या माणसाच्या दंडाकडं आधी बघायचं आणि मग तोंडाकडं, अशी रीतच पडली. दंड हिरवा असेल तर तो कामचुकार.

त्याच सुमारास जंगलातल्या आगी विझवायला नवं 'वणवा दल' निघालं आणि आमच्या भागातल्या पोरींच्या अंगात वारं भरलं. सरकारी नोकरी, वर्दी आणि जंगल, अजून काय पाह्यजे? वणवा उन्हाळ्यात लागतो, तर परीक्षाही उन्हाळ्यातच, तीही भर दुपारी, असा दलाचा कायदा. पट्टीशिवाय मैदानावर उभं राहता येणार नाही आणि पट्टी हिरवी असताना थांबलात तर बाद.

मी आणि रोशनी टेकाम वर्षभर सोबत धावलो. रोशनी आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. बोलायला तिखट, पायांनी हरणी. मी मागं पडले की ओरडायची, "ये म्हातारे, चाल ना! तुह्या बापाले उठवाले जाऊन रायली का?" तिला वर्दी हवी होती ती मिरवायला, हे ती कुणापासून लपवत नसे. मला हवी होती कारण आईची शिलाई आणि बाबांचं कण्हणं यांवर घर चालताना मी पाहिलं होतं, आणि एकदा तरी घरात पक्की नोकरी यावी असं फार वाटत होतं.

आमच्या परीक्षेच्या दिवशी दुपारच्या सुमारास बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. पुढचं मला बाबांनी आणि थोडं बाईंनी नंतर सांगितलं.

आदल्या दिवशी रस्त्याच्या कामावरचा एक तरणा पोरगा बाईंच्या वॉर्डात आणला होता. आणला तेव्हाच गेलेला होता. दंडावरची सावली हिरवी. बाईंनी पट्टी काढून तिच्यातली नोंद पडद्यावर घेतली. नाडी, श्वास, ताप, तिन्हींची रेघ पोरगा पडला तिथवर ठळक होती, त्यापुढं सावलीनं केलेला अंदाज ठिपक्यांचा होता.

"देवराव, हे ठिपके बघा," बाई म्हणाल्या.

बाबांनी पाहिलं. तापाची ठळक रेघ चढत चढत बेचाळीसला भिडली होती. तिथून पुढं ठिपके खाली उतरत होते. आधी श्वास उतरला, थांबला. मग नाडी उतरली, थांबली. मग ताप. तीन पायऱ्या.

"हे तं मी हाओ," बाबा म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "मेलेल्या पोराच्या पुढं यंत्रानं तुम्हाला जोडलंय. मी शिकवलं त्याला. माझ्या खोलीत कुणी मरत नाही, म्हणून त्याला वाटतं जगातच कुणी मरत नाही. कितीही तापला, बर्फ मिळो न मिळो, तास संपला की माणूस उठतो."

बाबांनी घड्याळाकडं पाहिलं आणि एकदम उभे राहिले. "बाई, माही पोरगी आज पळून रायली."

त्यांनी मला फोन केले. फोन आम्ही फाटकावर जमा केले होते. बाईंनी दलाच्या कार्यालयाला फोन लावला, तिकडून उत्तर आलं की लेखी कळवा. बाबांनी स्कूटर काढली.

मैदान तापलेल्या तव्यासारखं होतं. कडेला पाणी शिंपडणारा टँकर उभा होता, कारण धूळ उडाली की साहेबांना त्रास व्हायचा. आम्ही पोरी धावायला लागलो तेव्हा सगळ्यांचे दंड हिरवे होते. निम्म्या फेऱ्यांपर्यंत मला नीट आठवतं. रोशनी माझ्या पुढं होती, तिची वेणी डावीउजवीकडं आपटत होती. मग घाम डोळ्यांत गेला. मग मला थंडी वाजली. अंगावर काटा आला आणि मला वाटलं, चला, वारा सुटला. मी दंडाकडं पाहिलं. हिरवा. त्या हिरव्याचा मला इतका आधार वाटला, की आत कुणीतरी 'थांब' म्हणत होतं त्याला मी दामटून गप्प केलं. पट्टीला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असं आम्हाला दोन वर्षं शिकवलं होतं.

कुंपणापाशी बाबा दिसले. हात हलवून ओरडत होते. मला वाटलं, जोर लाव म्हणताहेत, म्हणून मी जोर लावला.

कुंपणाशी त्यांनी आधी अधिकाऱ्यांना सांगून पाहिलं होतं. "माह्या पोरीचं पाऊल पाहा साहेब, तिचं पाऊल वाकडं पडून रायलं." साहेब म्हणाले, "काका, पट्टी हिरवी आहे. तुम्ही डॉक्टर आहात का?" बाबा डॉक्टर नव्हते. ते वाकून कुंपणाखालून आत घुसले, दोन शिपाई मागं लागले, आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर बाबा धावपट्टीवर पडले.

आता सांगते ते नीट ऐका. बापाचं पडणं मला तोंडपाठ होतं. आधी हात कपाळाला जातो, मग एक गिरकी, मग गुडघे, मग सावकाश कूस, म्हणजे शेवटच्या रांगेलाही दिसावं. तसे पडले असते तर मी त्यांच्यावरून उडी मारून गेले असते, देवाशपथ. पण त्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. पोतं टाकावं तसे तोंडावर पडले. ओठ फुटला, धुळीत रक्त आलं, हात अंगाखालीच राहिला. माझ्या बापानं आयुष्यात कधी इतकं वाईट काम केलं नव्हतं.

मी थांबले.

रोशनी एव्हाना फेरी मारून माझ्या मागून आली होती. ती बाजूनं निघाली. "उठतेत ते! तू चाल!" ती जाता जाता ओरडली. मी वाकले, ओकले आणि बाबांच्याच अंगावर कोसळले. मग म्हणे बाबा ताडकन उठले, मला खांद्यावर टाकून टँकरकडं पळाले आणि वरचं झाकण उघडून मला गळ्यापर्यंत पाण्यात सोडलं. शिपाई रुग्णवाहिका म्हणत होते. बाबा केस धरून माझं डोकं पाण्यावर ठेवत होते आणि रडत होते आणि म्हणत होते, "आधी थंड, मंग हालवाचं. आधी थंड, मंग हालवाचं."

मी शुद्धीवर आले तेव्हा बाद झाले होते. मी बाबांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. "नाटक्या" हा त्यातला सगळ्यांत सौम्य शब्द. वर्षभराची मेहनत, पक्की नोकरी, सगळं एका पडण्यात घालवलं म्हणून मी त्यांच्याकडं पाठ केली. ते नुसते फुटका ओठ पुसत बसले होते.

रोशनी पहिली आली. रेघ ओलांडली आणि दोन्ही हात वर केले, ते टँकरमधून मलाही दिसलं असं मला वाटतं, पण कदाचित कुणी सांगितलेलं असेल. धाव संपली की पट्ट्या मोजून परत घ्यायच्या, तसं शिपायानं तिच्या दंडावरची हिरवी पट्टी लगेच सोलून घेतली. ती झाडाखाली जाऊन बसली, बुंध्याला पाठ टेकून. बराच वेळ लोकांना वाटलं, आराम करते आहे.

तिला जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं. तिथला तरुण डॉक्टर बाईंच्याच पहिल्या तुकड्यांतला. त्यानं पंखा लावला, सलाईन लावलं. संध्याकाळी रोशनी गेली. बाई स्वतः तिथं गेल्या होत्या, मीही गेले होते, चालवत नव्हतं तरी. रोशनीची आई पोरीचे बूट मांडीवर घेऊन बसली होती. बाईंनी त्या डॉक्टरला विचारलं, "बर्फ का नाही लावला? पाण्यात का नाही ठेवलं?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मागवला होता, मॅडम. तोवर... मी वाट पाहिली."

बाईंनी पुढं काही विचारलं नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला. चांगला फैलावर घ्यायला हवा होता त्याला, असं वाटलं.

बाईंनी कंपनीला सगळं कळवलं. उत्तर अगदी गोड भाषेत आलं. त्या मैदानावरच्या दोन नोंदी आम्ही तपासल्या आहेत. एक उमेदवार धाव पूर्ण करेपर्यंत हिरवी होती, तिची नोंद तिथं संपते. दुसरी एकेचाळीस ओलांडूनही अर्ध्या तासात पूर्ववत झाली. म्हणजे सावलीचा अंदाज दोन्हीकडं बरोबर ठरला. या अनुभवामुळं पुढच्या आवृत्तीत हिरव्याची मर्यादा किंचित वाढवता येईल. सहकार्याबद्दल आभार.

बाईंनी ते आमच्या घरी येऊन वाचून दाखवलं. बाबांना पटकन उमगलं नाही. "पर हर्षूले तं मी पान्यात टाकलं ना जी?"

"पट्टीला पाणी कुठं कळतं, देवराव? तिला इतकंच कळलं की पोरगी तापली आणि निवली."

"म्हंजे मी वाचवलं..."

"आणि ती म्हणते, वाचणारच होती. असं प्रत्येक वाचवण्यातून ती चुकीचंच शिकणार. जो मरतो त्याची पट्टी आधीच काढलेली असते, नाहीतर नाडी हरवली की तिची नोंदच बंद पडते."

मग मी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. रोशनी गेल्यापासून माझा राग कुठं गेला होता मला ठाऊक नाही, त्याच्या जागी नुसती भीती होती. मी म्हटलं, "बाबा, चाय पिता का?"

पुढच्या आठवड्यात दलाचं पत्र आलं. उमेदवार हर्षदा शेंडे हिला बाहेरच्या व्यक्तीनं अडथळा आणला असल्यानं पुन्हा धावण्याची संधी देण्यात येत आहे. दुपारची वेळ. नव्या आवृत्तीची सावली बंधनकारक. आई म्हणाली, "नाई जाचं." मी बाईंकडं गेले.

बाई म्हणाल्या, "पट्टी तुला थांबवणार नाही, हे तर ठरलं. पण मी दलाकडून एक गोष्ट मिळवली आहे. त्या दिवशी मैदानावर माझी शेवटच्या वर्षाची तुकडी असेल. बर्फाच्या पाण्याचे हौद असतील. रंग न बघता माणूस बघायचा, असं सांगून ठेवेन त्यांना. हुशार पोरं आहेत. पाच वर्षं डोमाजीवर शिकली आहेत."

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. यंत्रावर नाही तर नाही, माणसांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. मी होकार कळवला.

"पण त्याआधी एक काम करायचं आहे," बाई म्हणाल्या. "आज मी त्यांना न सांगता नियम मोडणार आहे. आज डोमाजी मरणार. मरण कसं असतं ते एकदा हातांना कळू दे त्यांच्या. कंपनीलाही ही नोंद पाठवीन, घेतली तर घेतली. तू खोलीत डोमाजीची नातेवाईक म्हणून उभी राहा."

मी खोलीत उशाशी उभी राहिले. काळ्या काचेत मला माझंच तोंड दिसत होतं, पण बाबा तिच्यामागं आहेत हे ठाऊक होतं. शेवटच्या वर्षाची आठ पोरं होती. त्यांची पुढारी होती एक उंच, चष्मेवाली मुलगी, बोलण्यात गोड आणि हालचालीत चटपटीत. डोमाजीच्या तोंडून बाबा कण्हायला लागले. "मॅडम, माही पोरगी कोठी गेली?" बैलजोडीच्या जागी पोरगी कधी आली, बाईंनाही ठाऊक नव्हतं.

पोरांनी झकास सुरुवात केली. कपडे सैल केले, ताप पाहिला, एकानं "बर्फ!" म्हणून हाक दिली. बर्फ यायला उशीर होईल अशी व्यवस्था बाईंनी मुद्दाम केली होती. खोलीच्या कोपऱ्यात पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. चादर भिजवायची, ओतायचं, वारा घालायचा, सुचेल ते करायचं. एकानं एक बादली ओतली. ताप चढतच राहिला. बेचाळीस. कण्हणं थांबलं. श्वास अडखळला. मी बाबांना शंभरदा मरताना ऐकलं होतं, पण या खेपेला त्यांनी आवाज मोठा केला नाही, उसासा टाकला नाही. आवाज नुसता नाहीसा झाला.

पडद्यावरची रेघ सपाट झाली.

मला वाटलं, आता पोरं धावतील. छाती दाबतील, बादल्या ओततील, कुणीतरी ओरडेल, कुणीतरी रडेल. मी रडायच्या बेतात होतेच.

पोरं थांबली. ज्याच्या हातात दुसरी बादली होती त्यानं ती शांतपणे खाली ठेवली. एकानं घड्याळ पाहिलं. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलून हसले. मग सगळे डोमाजीच्या भोवती हात मागं बांधून उभे राहिले आणि त्याच्या बोटांकडं पाहू लागले. आधी बोट हलतं, मग पापणी. कुणाच्याही चेहऱ्यावर जराही काळजी नव्हती. त्यांच्यामागं बाई भिंतीला धरून उभ्या होत्या.

मी काचेकडं पाहिलं. पलीकडून काहीच आलं नाही. बाबांनी मुठी सोडून हात मांडीवर ठेवले होते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

चष्मेवाल्या मुलीला माझा चेहरा दिसला असावा. ती जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाली, "घाबरू नका ताई. तो उठतो."